चढणीचे पुण्य

ज्या देवाची वाट बिकट तो देव जागृत, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. भाविकांची एक अलिखित उतरंडही तिच्यातूनच लागते. गाडीने आलेल्यापेक्षा पायी आलेला वरचा, चपला घालून चाललेल्यापेक्षा अनवाणी चाललेला वरचा, आणि लोटांगण घालत आलेला सगळ्यांहून वरचा. ही समजूत भाबडी म्हणून झटकून टाकता येत नाही. शेकडो वर्षे, अनेक धर्मांत, अनेक देशांत माणसे डोंगर चढून देवाला गेली आहेत, आणि एवढ्या साऱ्यांना एकच चकवा लागला असे म्हणणे उर्मटपणाचे होईल. पण ती जशीच्या तशी स्वीकारली तर एक भलताच निष्कर्ष हाती येतो. दुखणे हेच पुण्य असेल, तर ज्याला जास्त दुखते तो देवाच्या जास्त जवळ, आणि ज्याने दुसऱ्याचे दुखणे कमी केले त्याने त्याचे पुण्य हिरावून घेतले. कोणताही धर्म हे मान्य करणार नाही. माझे म्हणणे असे की कष्टाच्या अंगी स्वतःचे पुण्य नसते. तो माणसाने आपखुशीने पत्करलेला असावा लागतो आणि त्यातून दुसऱ्याचा भार कुठेतरी हलका व्हावा लागतो. या दोन कसांना उतरला तरच तो भक्तीच्या खात्यात जमा होतो.

धाराशिव जिल्हा या विचाराला सोयीचा आहे, कारण इथे डोंगरावरचे देव आहेत तसे डोंगराच्या कुशीत खाली उतरून भेटणारेही आहेत. बालाघाटाच्या रांगा जिल्ह्यातून आडव्या-तिडव्या पसरल्या आहेत. येरमाळ्याची येडेश्वरी डोंगरावर बसलेली आहे. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्रही टेकडीवर आहे. तुळजापूरची गोष्ट मात्र वेगळी. सोलापूरकडून येणारा भाविक घाट चढून गावात पोहोचतो, त्याला वाटते आता देवी आणखी वर असणार; पण महाद्वारातून आत शिरले की पायऱ्या खाली उतरू लागतात. गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थ ओलांडून, खाली उतरत उतरत भवानीच्या गाभाऱ्यापाशी जावे लागते. येडशीजवळचा रामलिंगही असाच, झाडीने भरलेल्या दरीत, पायऱ्या उतरून गाठायचा. उंची म्हणजे देवाची जवळीक असती, तर ज्या महाराष्ट्राने भवानीला कुलस्वामिनी मानले त्याने तिला उतारावर बसवले नसते. म्हणजे चढणीत जे काही मोलाचे आहे ते शिखरात नाही. ते चढणाऱ्यात आणि त्याच्या सोबतीला असलेल्या माणसांत शोधले पाहिजे.

तुळजापूरच्या वार्षिक क्रमात या शोधाचा पहिला पुरावा सापडतो. दसऱ्याला नगरकडून देवीचा पलंग येतो, बुऱ्हाणनगरची पालखी येते, त्या पालखीतून देवीचे सीमोल्लंघन होते आणि मग देवी पलंगावर निद्रा घेते. नवरात्राआधीची ती घोर निद्रा, पौषातली मोह निद्रा आणि दसऱ्यानंतरची ही श्रमनिद्रा. महिषासुराशी झुंजून देवी थकली आहे, तिला विश्रांती हवी, असे मानून तिला झोपू दिले जाते. अश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर येते. नेमक्या याच दिवसांत सोलापूरहून आणि पार कर्नाटकातून माणसांचे लोंढे पायी तुळजापूरकडे निघतात. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. कोजागरीच्या सुमारास हा रस्ता वाहनांना बंद ठेवावा लागतो, इतकी गर्दी होते. रात्रभर चालणाऱ्यांत कॉलेजातली पोरे असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया असतात, काठी टेकत चाललेले म्हातारे असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव पडलेले असतात. कुणी चहा देतो, कुणी केळी आणि खिचडी वाटतो, कुणी सुजलेल्या पायांना मलम लावून देतो. देवी थकते आणि झोपते, भक्त थकतो आणि त्याला बसायला सतरंजी मिळते. ज्या परंपरेने आपल्या दैवतालाच श्रमानंतरचा विसावा दिला, ती परंपरा न थांबता सोसत राहण्याला पुण्य म्हणत असेल हे पटत नाही. इथे चालणे आणि चालणाऱ्याला विसावा देणे ही एकाच उपासनेची दोन अंगे आहेत.

ही गोष्ट केवळ आपल्या मातीतली आहे असे नाही. धाराशिवच्या कोरड्या, पर्जन्यछायेतल्या माळाच्या अगदी उलट टोकाचा डोंगर घ्यावा: श्रीलंकेतले श्रीपाद शिखर. बेट विषुववृत्ताजवळचे, जंगल घनदाट आणि बाराही महिने ओलेचिंब, उंची २,२४३ मीटर, आणि हॅटनच्या बाजूने पाच हजारांहून अधिक पायऱ्या. पावसाळ्यात वाट निसरडी होते, जळवा पायाला चिकटतात. म्हणून यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंतच असतो. माथ्यावरच्या खडकात पावलासारखा खोलगट ठसा आहे. बौद्ध त्याला बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे, मुसलमान आदमचे. तीन धर्मांची माणसे एकाच पायरीवर दम खात थांबतात. आता या वाटेचा इतिहास पाहा. अकराव्या शतकात राजा पहिला विजयबाहू याने श्रीपादला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या अन्नासाठी आणि निवाऱ्यासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले, आणि आंबगमुवा इथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. १३४४ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता या डोंगरावर चढला. कड्यात कोरलेल्या पायऱ्या आणि धरून चढण्यासाठी लावलेल्या लोखंडी साखळ्या यांचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. ज्या काळात या डोंगरावर जाणे म्हणजे जिवावरचे काम होते, त्याही काळात कुणाला तरी वाटले की मागून येणाऱ्याचा हात घसरू नये. कष्ट हेच पुण्य असते तर साखळी ठोकणारा पापी ठरला असता. प्रत्यक्षात त्याचे काम यात्रेचा भाग झाले.

आता माझ्या म्हणण्याला सर्वांत कठीण परीक्षा जैन परंपरेची, कारण शरीरकष्टाला तिच्याइतके मोठे स्थान देणारा दुसरा धर्म भारतात नाही, आणि तिचे एक महत्त्वाचे क्षेत्र धाराशिव जिल्ह्यातच आहे. कुंथलगिरीवर कुलभूषण आणि देशभूषण या मुनींना मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे बळ देणारे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली याच टेकडीवर सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेतली आणि ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. वरवर पाहता माझ्या म्हणण्याला याहून मोठे उत्तर नाही. पण या परंपरेचा स्वतःचा हिशेब काय सांगतो? तत्त्वार्थसूत्र तपाचे दोन भाग करते. उपवास, कमी खाणे, रस सोडणे, कायक्लेश इत्यादी सहा बाह्य तपे. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान ही सहा आभ्यंतर तपे. कायक्लेश बाहेरच्या यादीत आहे, आणि थकलेल्या, आजारी साधूची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, आतल्या यादीत. शिवाय शांतिसागरांनी सल्लेखना घेतली ती दृष्टी मंदावल्यावर. जैन मुनी पायी चालतो, पण पुढची चार हात जमीन निरखत चालतो, पायाखाली जीव चिरडू नये म्हणून. ज्याला ती जमीन दिसेनाशी झाली त्याच्या चालण्याने दुसऱ्याला इजा होणार. आयुष्यभर गावोगाव पायी फिरलेल्या तपस्व्याच्या चालण्याला मर्यादा पडली ती मुंगीच्या जिवाने. इतक्या कठोर मार्गातही कष्टाची हद्द दुसऱ्याच्या हिताने आखली जाते, हे मला निर्णायक वाटते.

वैदिक आणि भागवत परंपरेतही हाच सूर आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार केले आहेत. हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरवले आहे, आणि मान-सन्मानासाठी केलेले राजस. देहाला छळणाऱ्या घोर तपाबद्दल तर तिथे उघड नापसंती आहे. या परंपरांबाहेर गौतम बुद्धानेही सहा वर्षे देह झिजवून पाहिला आणि मग तो मार्ग सोडला. आपल्या मराठवाड्याला मात्र याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पैठणच्या एकनाथांच्या कथेत सापडते. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. रामेश्वर समुद्रातले बेट, वाट महिनोन्महिन्यांची. तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडी लावली. सोबतच्यांना वाटले, सगळी यात्रा वाया गेली. नाथांच्या लेखी ती तिथेच सुफळ झाली. लोकांनी ही कथा चारशे वर्षे जपली, मुलांना सांगितली, चित्रांतून रंगवली. या कथेत चालण्याचा अपमान कुठेही नाही; कावड काशीपासून तिथवर वाहिली नसती तर त्या गाढवाला पाणी मिळाले नसते. पण शेवटच्या मुक्कामापेक्षा वाटेतला तहानलेला जीव मोठा, हा निवाडा तिच्यात स्पष्ट आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो धाराशिवसारख्या जिल्ह्यात फार टोचतो. कोणी म्हणेल, कष्टाचा असा गौरव हाच मुळात कष्टकऱ्याला गप्प बसवण्याचा डाव आहे. दुष्काळी माळावर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईला सांगायचे की सोसण्यात पुण्य आहे, आणि नळ द्यायचा नाही. या आक्षेपात पूर्ण तथ्य आहे, आणि म्हणूनच आपखुशी हा कस मी पहिला ठेवला. भूम, वाशी, कळंब भागातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रॉली भरायची. शरीराला होणारा त्रास पाहिला तर कोणत्याही डोंगराची चढण त्यापुढे किरकोळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूरबरोबर याच जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली. त्या ढिगाऱ्याखालच्या वेदनेला पुण्य म्हणण्याची कोणाची छाती होईल? लादलेला कष्ट हा अन्याय किंवा आपत्ती असतो. त्याला धर्माचा मुलामा देणे हे पाप आहे, आणि तो कमी करणे हे कर्तव्य.

पण हाच आक्षेप थोडा पुढे नेला तर तो माझ्या बाजूचा साक्षीदार होतो. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची यात्रा भरते, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपून माणसे घरी परतलेली असतात. उन्हाचा तडाखा असतो, डोंगर तापलेला असतो, आणि सहा महिने मोळ्या वाहिलेली बाई डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन येडाईच्या पायऱ्या चढते. नास्तिक विचारेल, एवढे राबून पुन्हा राबायचे कशाला? याचे उत्तर असे की सबंध वर्षात याच श्रमावर तिची स्वतःची मालकी असते. फडातला घाम उचलीच्या हिशेबात वळता होतो; हा घाम कोणाच्या वहीत लिहिला जात नाही. किती चढायचे, कुठे बसायचे, कोणाला सोबत घ्यायचे, काय मागायचे हे ती ठरवते. ज्यांचे शरीर इतर दिवशी दुसऱ्याच्या कामाला जुंपलेले असते, त्यांना ही चढण सांगते की हे पाय अजून आपले आहेत. स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टाला जो अर्थ येतो तो इथून येतो, आणि म्हणूनच तो लादलेल्या कष्टाच्या समर्थनासाठी वापरता येत नाही. जो मुकादम किंवा पुढारी यात्रेतली भक्ती पाहून म्हणेल की या लोकांना सोसायची सवयच आहे, त्याला यात्रा कळलेलीच नाही.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. कष्टाला स्वतःचे मोल नसेल, तर चढायचेच कशाला? वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गिरनारवर २०२० पासून रोपवे आहे. पायऱ्यांची वाट बंद करून सगळ्यांनी पाळण्यातच का बसू नये? मला वाटते, कष्टाला स्वतःचे पुण्य नसले तरी त्याचे काम असते. चालण्याने वेग माणसाच्या मापाला येतो. दम लागला की बोलणे कमी होते, बढाई आधी थांबते. हुद्दा, जात, खिशातले पैसे यांचा घाटाच्या वळणावर फारसा उपयोग होत नाही. अनोळखी हातातले पाणी घ्यावे लागते. मदत घेणे हे मदत देण्याइतकेच अवघड असते आणि चढण ते शिकवते. शरीर थकले म्हणून देव भेटत नाही. पण एरवी स्वतःभोवती उभी असलेली कुंपणे थकल्या शरीराला राखता येत नाहीत, आणि त्या फटीतून दुसरा माणूस आत येतो. हे शिक्षण ज्याला घेता येते त्याने चालत जावे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याने हे शिक्षण आयुष्यात दुसऱ्या वाटांनी घेतलेले असते, त्याने ट्रॉलीत निःशंक बसावे. पायरी ही तिच्या काळची ट्रॉलीच होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव तीर्थोतीर्थी घेतले जाते ते त्या स्वतः किती डोंगर चढल्या यासाठी नव्हे. देशभर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, हे त्यांचे पुण्य.

मग प्रत्येक सोय धर्म्यच का? नाही, आणि इथे दुसरा कस उपयोगी पडतो. एकाची सोय दुसऱ्याचा भार वाढवते का, हे पाहावे. म्हाताऱ्याला वर नेणारा पाळणा रांगेतल्या कोणाचे काही घेत नाही. पैसे किंवा ओळख दाखवून रांग मोडणारा मात्र चार तास उभ्या असलेल्या लेकुरवाळीचा वेळ घेतो. त्याची सोय तिच्या पायांतून वसूल होते. तसेच जंगलाचे. येडशीच्या रामलिंग घाटाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. मोर आणि वानरांचा तो आसरा या कोरड्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. मंदिराच्या दारापर्यंत गाड्या आणि प्लास्टिक नेणारी सोय त्या मुक्या जिवांवर भार टाकते. ज्या परंपरेत मुंगीपायी मुनीचे चालणे थांबते आणि गाढवासाठी गंगेची कावड रिती होते, तिच्यात अशा सोयीला जागा नाही. या कसावर उलट कष्टही तपासून पाहावेत. नवरात्राच्या आधी तुळजापूरहून भवानी ज्योत घेऊन तरुण गावाकडे धावत निघतात. सगळे आळीपाळीने ज्योत हाती घेतात, एक थकला की दुसरा पुढे होतो, तेव्हा ते धावणे सुंदर असते. तीच धाव कोण किती कमी वेळात पोहोचला याची शर्यत झाली आणि मागे पडलेला एकटा सुटला, तर कष्ट तेवढेच राहून भक्ती निघून जाते. गीतेने त्यालाच राजस म्हटले आहे.

शेवटचा आक्षेप असा की मी भक्तीतून देवच काढून टाकला आणि नुसती समाजसेवा उरवली. श्रद्धाळू म्हणेल, मी देवीसाठी चालतो, माणसांसाठी नाही. त्याचे चालणे देवीसाठीच असावे, याबद्दल माझा वाद नाही. देवीवरची नजर हटली तर घाटात मध्यरात्री पाऊल उचलणार नाही. पण देवीला त्या पायपिटीतून काय हवे आहे, याचा विचार तिच्या भक्तालाच करावा लागतो. ती आई आहे, असे तो म्हणतो. लेकराने पाय रक्तबंबाळ करून घेतले याने आईला आनंद होत नाही. आनंद होतो तो लेकरू इतक्या लांबून आले आणि येताना धाकट्याचा हात धरून आले याचा. म्हणून यात्रेहून परतलेल्याला किती किलोमीटर चाललास आणि पायाला किती फोड आले, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. वाटेत तू कोणाला टेकू दिलास आणि कोणाचा टेकू घेतलास, हे विचारावे. ज्याच्याकडे या दोन्हींची उत्तरे आहेत, त्याची चढण देवापर्यंत पोहोचली असे खुशाल म्हणावे, मग ती अनवाणी केलेली असो, काठी टेकत केलेली असो की पाळण्यात बसून. आणि ज्याच्याकडे फक्त फोड आहेत, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा निघायला आणि या वेळी आजूबाजूला पाहत चालायला सांगावे.